गरज नसताना जमीन विकणं हा लोभ का?

मखमलाबादकर
नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मखमलाबाद शिवारात थोडी जमीन घेतली. आता ती वडिलांच्या नावावर आहे. वडील ७९ वर्षांचे, काठीशिवाय चालतात. सातबारा स्वतःच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली उशाखाली.

सिंहस्थ २०२७ चा गाजावाजा सुरू झाल्यापासून आमच्याकडे पाहुणे वाढलेत. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स. त्यातल्या एकाने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही. धाकटा भाऊ तेव्हापासून मोबाईलवर बंगल्यांचे प्लॅन बघतोय. मी सातपूरला नोकरीला आहे. घराचं कर्ज फिटलंय, मुलगी इंजिनिअरिंगला आहे, बायको क्लास घेते. कुणाचं देणं नाही.

आणि नेमका गेल्या रविवारी उपासनेत पाठ आला १ तीमथ्य ६, म्हणजे बायबलमधल्या पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय. चित्तसमाधानासह भक्ती हा मोठा लाभ, अन्नवस्त्र असलं की तृप्त असावं. पाळकसाहेब छान बोलले. बाहेर पडताना भाऊ म्हणाला, "पौलाचं बरं होतं, ना बायको ना सातबारा."

तर प्रश्न असा. गरज नसताना जमीन विकून एवढा पैसा घेणं हा लोभ का? की देवाने दिलेलं नाकारणं हाच उलटा अहंकार? वडील 'विका' म्हणतात, भाऊ 'कालच विकायला हवी होती' म्हणतो. आत्याने १९९८ सालीच हक्कसोड करून दिलीय, त्यामुळे वाटणीची भानगड नाही. अडकलोय तो मीच. ज्यांनी असे निर्णय घेतलेत त्यांनी जरूर लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, फक्त धागा धर्मांतरावर नेऊ नका.

मिसळप्रेमी
आकडा सांगा, लोभ आहे की नाही ते लगेच सांगतो. (हलके घ्या.)

गप्पिष्ट
नाशिकचा धागा म्हणजे पॉपकॉर्न नको, चिवडा घेऊन बसतो.

पाळकपुत्र
वडील पाळक होते, त्यामुळे हा अध्याय मी जेवणाआधी आणि जेवणानंतर ऐकत मोठा झालो. दोन गोष्टी सांगतो.

त्याच अध्यायात खाली, सतराव्या वचनापासून, श्रीमंतांना निरोप आहे. त्यात 'सगळं विकून टाका' असं काही नाही. गर्व करू नका, आज आहे उद्या नाही अशा पैशावर आशा ठेवू नका, हात सैल सोडा, दुसऱ्याला वाटा द्या, एवढंच आहे. म्हणजे इफिसच्या मंडळीत पैसेवाले बसत होते आणि त्यांना कुणी दाराबाहेर काढलं नव्हतं. पौल कडाडतो तो नवव्या वचनात, जे धनवान होऊ पाहतात त्यांच्यावर. तुमच्या घरात ते कोण हे मी ठरवणार नाही, पण बंगल्यांचे प्लॅन बघणारे एक गृहस्थ दिसतायत.

आणि भावाला सांगा, पौलाने फिलिप्पैकरांना 'कसल्याही स्थितीत मी तृप्त असतो' असं लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता. ते पत्रही देणगीची पोच म्हणून लिहिलेलं आहे. एपफ्रदीत मंडळीचा पैसा घेऊन आला होता, पौलाने तो ठेवून घेतला आणि आभार मानले. 'नको नको' करून परत पाठवला नाही.

थॉमसन_सीडलेस
विकू नका. बायबलात १ राजे २१ वाचा. नाबोथाने अहाब राजाच्या तोंडावर सांगितलं, वाडवडिलांचं वतन देणार नाही. आणि अहाबाला त्या द्राक्षमळ्याचं काय करायचं होतं? भाजीपाला! लागती बाग उपटून भाजीपाला. आमच्या दिंडोरीत कुणी असं बोललं असतं तर ईजबेल यायच्या आधीच प्रकरण मिटलं असतं.

मिसळप्रेमी
ईजबेल कोण?

थॉमसन_सीडलेस
अहाबाची बायको. खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमार करवली आणि मळा नवऱ्याच्या हातात दिला. तुमच्या पेपरात हिला लँड माफिया म्हणतात.

पाळकपुत्र
नाबोथाची गोष्ट इथे बसत नाही. लेवीय २५ प्रमाणे, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, त्याची जमीन कायमची विकायचीच नव्हती. मखमलाबादला लेवीय लागू नाही, मनपाचा विकास आराखडा लागू आहे.

सिस्टर_इन_लॉ
वाचत वाचत खाली येत होते आणि मूळ धाग्यातल्या एका वाक्यावर गाडी अडकली. "आत्याने हक्कसोड करून दिलीय, त्यामुळे वाटणीची भानगड नाही." सगळे पुरुष पौल आणि नाबोथ करत बसलेत, आत्या कुणालाच दिसली नाही?

लूक १२ मधला मोठी कोठारं बांधणारा मूर्ख श्रीमंत सगळ्यांना पाठ असतो. तो दाखला कशावरून निघाला ते मात्र विसरतात. गर्दीतून एक जण म्हणाला होता, गुरुजी, मला वतनाचा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा. येशूने निवाडा करायचं नाकारलं, पण लोभापासून जपा हे दोघांनाही ऐकवलं, मागणाऱ्याला आणि दाबून बसलेल्यालाही.

दुसरं, गणना २७. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे आणि सगळ्या सरदारांपुढे उभ्या राहून वतन मागतात. देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. ही गोष्ट मला संडे स्कूलमध्ये कधी कुणी सांगितली नाही. महिला मंडळात ऐकली, तीही चाळिशी उलटल्यावर.

तेव्हा मखमलाबादकर, आत्या राहते कुठे? सही केली तेव्हा तिला काय मिळालं? आणि दारात पांढऱ्या गाड्या येतायत हे तिला ठाऊक आहे का?

गप्पिष्ट
चिवडा बाजूला ठेवला.

मखमलाबादकर
सिस्टर, झोंबलं. पण विचारलंत तर सांगतो.

आत्या ओझरला असते, भाड्याच्या दोन खोल्यांत. मामा वारले. मुलगा पुण्याला, त्याचं त्यालाच पुरत नाही. सहीच्या दिवशी साडी, जेवण आणि आजीची बोरमाळ मिळाली होती असं आई सांगायची. गाड्यांचं तिला माहीत नाही. पण एक लक्षात घ्या, तिने राजीखुशीने सही केली होती. तेव्हा तिकडे रस्ताही नव्हता, जमिनीला कुत्रं विचारत नव्हतं. आमच्याकडे सगळ्याच बहिणी सही करायच्या.

वारीकर
"सगळ्याच बहिणी करायच्या." हे वाक्य आमच्या सिन्नरला जसंच्या तसं ऐकलंय. धर्म कुठलाही असो, साडीचोळीवर बोळवण तीच. आमच्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांएवढा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला आला. कायदा आला तसे भाऊ बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाकडे न्यायला लागले. मला वाटायचं, ख्रिस्ती लोकांत तरी हे नसेल.

काळा_कोट
@वारीकर, गंमत ऐका. ख्रिस्ती मुलींना हा हक्क तुमच्या कितीतरी आधीपासून आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. विधवा हयात असेल तर आधी एक तृतीयांश तिचा, उरलेलं मुलांत समान.

@मखमलाबादकर, आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल, आजी आधीच गेल्या असतील आणि भावंडं दोनच असतील, तर १९९८ मध्ये आत्याचा वाटा किती होता याचं गणित सोपं आहे. अर्धा. हक्कसोड नोंदणीकृत आहे का?

मखमलाबादकर
नोंदणीकृत आहे. आजी आधीच गेली होती. भावंडं दोनच. मृत्युपत्र नव्हतं.

अर्धा हा शब्द मी घरात उच्चारलेला नाही.

काळा_कोट
मग कायद्याने तुम्ही सुरक्षित आहात. फसवणूक झाली असं म्हणायचं तरी दस्त रद्द करायला तीन वर्षांची मुदत असते, फसवणूक कळल्यापासून धरली तरी. इथे फसवणूक नाही, रीत आहे. तुमच्या डेव्हलपरचा वकील फाईल बघेल, 'टायटल क्लिअर' लिहील आणि चहा पिऊन जाईल. माझं काम इथे संपतं. पुढचं काम पाळकपुत्रांचं.

मिसळप्रेमी
हा धागा लोभावर होता ना? कोर्टात कधी गेला?

नोटप्रेसचा_पोरगा
थोडं अवांतर चालेल? वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, करन्सी नोट प्रेस १९२८ पासून इथे आहे. दिवसभर हातावरून एवढ्या नोटा जायच्या की घरी आल्यावर त्यांना नोटेकडे बघावंसं वाटत नसे. महिनाअखेरीला सायकलचं पंक्चर काढायचे पैसे मात्र शेजारच्या काकांकडून. गेटवर झडती व्हायची, त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. म्हणायचे, तपासतात म्हणून बरंय, नाहीतर मोह व्हायचा तो झालाच असता.

माझे वडील संत नव्हते. ओव्हरटाइमसाठी भांडायचे, युनियनच्या मीटिंगला पहिल्या रांगेत. पण हक्काचं मागताना जो आवाज असायचा तो दुसऱ्याचं दिसल्यावर नसायचा. लोभी माणूस आणि हक्क मागणारा माणूस यांत मला हाच फरक दिसतो. आता आत्याने मागितलं तर तो हक्क की लोभ, सांगा बघू.

पुण्यातला_नाशिककर
प्रेसवाल्यांशी सहमत, आणि थोडा वाद घालायला आलोय.

मला 'संतोष' हा विषयच संशयास्पद वाटतो. आमचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांना पिढ्यान् पिढ्या हेच सांगितलं गेलं, आहे त्यात समाधान मान. मिशनच्या शाळेने त्यांच्या हातात पाटी दिली ती असमाधान शिकवण्यासाठीच. त्यांनी 'अन्नवस्त्र आहे, पुरे' म्हटलं असतं तर मी आज हिंजवडीत बसून हे टंकत नसतो. आणि लक्ष द्या, संतोषावरचं प्रवचन नेहमी कुणासमोर होतं? पगारवाढ मागणाऱ्यांसमोर. चर्चच्या मिळकती भाड्याने देताना कमिटीत हे वचन कुणी वाचलेलं मी ऐकलं नाही.

पाळकपुत्र
@पुण्यातला_नाशिककर, रोख बरोबर ठिकाणी आहे. पण पणजोबांचं असमाधान आणि अहाबाचं असमाधान एका मापात घालू नका. अहाबाकडे राजवाडा होता आणि तरी शेजारच्या मळ्यासाठी तो तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवला नाही. पणजोबांनी कुणाचा मळा मागितला होता?

मला या सगळ्यात नीतिसूत्रं ३० मधली आगूराची प्रार्थना जवळची वाटते. दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरती भाकर दे. कारण पोट भरलं तर मी म्हणेन, परमेश्वर कोण? आणि उपाशी राहिलो तर चोरी करीन. दोन्हीकडचा धोका ओळखून मागणारा माणूस. उपाशी माणसाला उपदेश करणारा नाही.

गप्पिष्ट
माझाही एक अनुभव. नाव-गाव सांगत नाही. एका हॉलमध्ये मोठी सभा होती, मेहुणीच्या आग्रहाने गेलो. गाणी झाली, साक्षी झाल्या, मग वक्त्याने सांगितलं की आज विश्वासाने पेराल त्याच्या शंभरपट देव देईल. आणि मागच्या पडद्यावर क्यूआर कोड आला. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्स उघडून आधी रिक्षाचे पैसे बाजूला काढले आणि उरलेले सगळे स्वयंसेवकाच्या हातात दिले. शंभरपट सोडा, त्या बाई घरी कशा गेल्या हाच विचार माझ्या डोक्यात राहिला.

पाळकपुत्र
१ तीमथ्य ६ चंच पाचवं वचन वाचा. भक्ती हे कमाईचं साधन आहे असं समजणाऱ्या लोकांबद्दल आहे. संतोषाचं सहावं वचन त्याच्याच उत्तरादाखल येतं. आपण सहावं फळ्यावर लिहितो आणि पाचवं गाळतो.

सिस्टर_इन_लॉ
बाहेरच्या सभांना नावं ठेवायच्या आधी आपल्या कापणीच्या सणाच्या लिलावाबद्दल कोण बोलणार?

वारीकर
हा काय प्रकार?

सिस्टर_इन_लॉ
आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक घरचं, शेतातलं, केलेलं-सवरलेलं वेदीपाशी आणतात. भोपळा, कांदे, अंडी, केक, कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीला जातात. पद्धत चांगली आहे, धमाल येते. पण एका वर्षी दोन कुटुंबांत एका भोपळ्यावरून अशी चढाओढ लागली की भोपळ्याची बोली पाच आकडी झाली. बाजूला एका म्हाताऱ्या आजींची मेथीची जुडी होती, ती लिलाव करणाऱ्याने 'ही राहू द्या' म्हणून बाजूला सारली. गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर (दमड्यांवर) त्याच वेदीवरून प्रवचन ऐकलेली माणसं ही.

थॉमसन_सीडलेस
भोपळा कुणाला मिळाला?

सिस्टर_इन_लॉ
ज्याला मिळाला त्याने दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भोपळ्याचे घारगे पाठवले. चांगले होते. मेथी मी घेतली.

जुनं_शरणपूर
उशिरा आलो. शरणपूर रोड आज शहरातला महागडा भाग आहे, कॅनडा कॉर्नरपर्यंत शोरूमची रांग. तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहून सुतारकाम, लोहारकाम शिकत, हे किती जणांना माहीत आहे?

त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा त्याच्या तुकडीत नाशिकला शिकलेले काही जण होते. साहेब मेला, पगार कोण देणार ठाऊक नाही, मुलूख अनोळखी. सामान घेऊन निघून गेले असते तर विचारणारं कुणी नव्हतं. सुसी आणि चुमा या दोघांच्या पुढाकाराने त्या लोकांनी देह आणि कागदपत्रं सुमारे नऊ महिने वाहून किनाऱ्यावर आणली. वेनराइट देहासोबत इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. चारित्र्याबद्दल बोलताना आपण नेहमी पुस्तकातली उदाहरणं देतो, हे आपल्या गल्लीतलं आहे.

दुसरं नाव अर्थात कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. हातात काही नसताना सोडणं वेगळं, चालता पगार सोडणं वेगळं.

सिस्टर_इन_लॉ
टिळकांबद्दल आदर आहेच. पण पगार त्यांनी सोडला आणि महिन्याचं गणित कुणाच्या गळ्यात पडलं? लक्ष्मीबाई आपल्या जलालपूरच्या, म्हणून जास्तच लागतं. पुरुषाचा त्याग मोठा होतो तेव्हा घरात कुणीतरी डबे खरवडत असतं. आजच्या धाग्यातही तेच. मखमलाबादकर उद्या 'मला पैशाचा मोह नाही, जमीन विकायची नाही' म्हणून थोर होतील आणि आत्या ओझरला भाडं भरत राहील. तो संतोष तिच्या खात्यातून गेलेला असेल.

जुनं_शरणपूर
यावर उत्तर नाही माझ्याकडे.

मेथडिस्ट_मनुष्य
आमच्या मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा नियम: मिळवता येईल तेवढं मिळवा, वाचवता येईल तेवढं वाचवा, देता येईल तेवढं द्या. आमचे लोक पहिल्या दोन कलमांत इतके रमतात की तिसऱ्यापर्यंत निवृत्ती होते.

थॉमसन_सीडलेस
चेष्टा पुरे, एक मनातलं लिहितो.

आमच्या बागेवर पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. छाटणी, विरळणी, डिपिंग, सगळं त्यांच्या हातावर. ज्यांना द्राक्ष फक्त पेटीत दिसतं त्यांना सांगतो, डिपिंग म्हणजे एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, दिवसभर हात वर. मागे एका वर्षी माल गेला, गाड्या गेल्या आणि व्यापारी पैसे बुडवून फरार झाला. इकडच्या प्रत्येक गावात अशी एक तरी गोष्ट सापडेल. टोळीचे पैसे राहिले होते. मुकादम म्हणाला, शेठ, पुढच्या हंगामात द्या. त्याला ठाऊक होतं आमच्याकडे नाहीत. गावातल्या बाकीच्यांनी तसंच केलं.

मी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला नसता तर मीही तेच केलं असतं. तुमची शेतं कापणाऱ्यांची तुम्ही अडकवलेली मजुरी ओरडत आहे, असं आहे तिथे. बायकोच्या बांगड्या सोसायटीत ठेवून टोळीचे पैसे भागवले. आता तुम्ही म्हणाल वा. वा काही नाही. मी महिनाभर चिडचिड करत होतो, व्यापाऱ्याला शिव्या, देवाला शिव्या, बायकोशी अबोला. समाधान वगैरे काही वाटलं नाही. बांगड्या सुटल्या त्या दिवशी वाटलं, थोडं.

म्हणून मखमलाबादकर, आधी लोभ जाईल, मन शांत होईल, मग मी योग्य ते करीन, अशी वाट बघू नका. मन येतं मागून, कधी कधी येतही नाही. देणं देऊन टाका.

नोटप्रेसचा_पोरगा
+१. आणि बांगड्यांबद्दल वहिनींना +१००.

पुण्यातला_नाशिककर
हा प्रतिसाद कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायला हवा.

मिसळप्रेमी
मूळ धागाकर्ते कुठे गेले? टोकन घेऊन पळाले काय?

मखमलाबादकर
आहे, आहे. घरात युद्ध चालू होतं.

'अर्धा' हा शब्द मी अखेर जेवणाच्या टेबलावर काढला. भाऊ घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, वाटल्यास दहा टक्के देऊ, दशांशासारखं. वडील एवढंच म्हणाले, "तिनं सही केलीय," आणि खोलीत जाऊन झोपले. दुपारचे दोन वाजले होते, ते दुपारी कधी झोपत नाहीत.

शनिवारी एकटाच ओझरला गेलो. खरं सांगू, मनात होतं की आत्या म्हणेल, 'नको रे बाळा, मला काय करायचंय पैसे, तुम्ही सुखात राहा.' मग माझाही प्रश्न सुटला असता. मी सगळं सांगितलं, आकड्यासकट. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "माझ्या वाट्याला किती येतील?"

मग म्हणाली, सही केली तेव्हा मलाही कळत होतं. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं. पैसे हवेत, गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय, आणि घरमालक दरवर्षी भाडं वाढवतो.

गप्पिष्ट
आत्या हीरो.

वारीकर
मला वाटलं होतं ती नको म्हणणार. सगळ्या गोष्टींत म्हातारी बाई नकोच म्हणते.

सिस्टर_इन_लॉ
गोष्टी सांगणारे भाऊ असतात म्हणून.

पाळकपुत्र
भावाला माझ्याकडून निरोप. दशांश देवाचा, आत्याचा नाही. एकाच खिशातून दोन्ही उरकू नका. आणि जक्कयाची गोष्ट त्याला वाचायला द्या, लूक १९. त्याने निम्मं द्रव्य गरिबांना देऊ केलं, आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट. निम्म्यावर चौपट. त्या मानाने आत्या फारच स्वस्तात सोडतेय.

काळा_कोट
पाळकसाहेबांचे चिरंजीव वसुलीला चांगले आहेत.

पण एक व्यावहारिक बाब. वाटा द्यायचं ठरलं तर तो व्यवहारात कसा बसवणार? डेव्हलपर एकट्या वडिलांच्या नावाने खरेदीखत करेल.

मखमलाबादकर
मी असा विचार केला होता की वडिलांना आणखी त्रास द्यायचा नाही. विक्री होऊ द्यायची, आमच्या वाट्याला येईल त्यातून मी आणि भाऊ मिळून आत्याला देऊ. वडिलांना कळायचंही कारण नाही.

ताळेबंद
सीए बोलतोय. तसं करू नका.

आयकरात नातेवाइकाकडून मिळालेली भेट करमुक्त असते, पण नातेवाईक कोण याची यादी ठरलेली आहे, आणि ती घेणाऱ्याच्या बाजूने बघायची. आत्याच्या दृष्टीने भाऊ यादीत आहे, भाचा नाही. म्हणजे उद्या तुम्ही दोघांनी तिला मोठी रक्कम दिलीत तर वर्षाला ५० हजारांच्या वर गेल्यावर ती सगळी रक्कम तिचं उत्पन्न धरली जाईल आणि ती कर भरत बसेल. तुमच्या वडिलांनी त्यांच्या खात्यातून दिली तर तिला एक रुपया कर नाही.

सिस्टर_इन_लॉ
म्हणजे बापाला चुकवून मुलांना चांगलं वागता येणार नाही. आयकर खात्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

पाळकपुत्र
मंडळीत प्रवचनाला आता सीए बोलवायला हवेत.

मखमलाबादकर
वडिलांना हे सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. काल संध्याकाळी विचारलं, ओझरच्या बसला आता किती तिकीट आहे. याचा अर्थ काय ते मला माहीत नाही, भाऊ म्हणतो काहीच नाही. पण डेव्हलपरला त्यांनी पुढचा महिना सांगितलाय.

विकायची की नाही हा माझा मूळ प्रश्न होता. आता विकावीच लागेल असं दिसतंय, कारण न विकता आत्याला द्यायला कुणाकडेच काही नाही.

थॉमसन_सीडलेस
नाबोथ मागे घेतो.

ताळेबंद
विकणार असाल तर टोकन घेण्याआधी एक काम करा. जमीन मनपा हद्दीत आहे, शेतजमीन म्हणून सुटका नाही, भांडवली नफ्यावर कर लागेल. ताब्यात जुनी असल्याने १ एप्रिल २००१ रोजीचं मूल्य धरता येतं, ते नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घ्या. आणि वडिलांकडून आत्याला जाणाऱ्या रकमेचं साधं बक्षीसपत्र करून ठेवा, उद्या कुणी विचारलं तर कागद हवा.

मखमलाबादकर
आभारी आहे. भाऊ शेजारी बसून वाचतोय. त्याचा प्रश्न: आत्याचा अर्धा हिस्सा कर भरायच्या आधीच्या रकमेवर काढायचा की नंतरच्या?

ताळेबंद
नंतरच्या. त्याला सांगा, एवढ्यावर त्याच्याशी सहमत आहे.